भंगारातल्या चासीवर फ्रीलान्स नॅरोगेज इंजिन: मापं, क्रम आणि नेमकं काय बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा: हाताशी एचओ मापाच्या (मॉडेल रेल्वेचं १:८७ प्रमाण) जुन्या ०-६-० (सहा चालक चाकं, पुढे-मागे आधाराची चाकं नाहीत) शंटिंग इंजिनाची चासी आहे, वरचा सांगाडा फुटलेला आहे, आणि डब्यात दोन-तीन इंजिनांचे घुमट, धुराडी, सिलिंडर, रॉड असे सुटे भाग पडून आहेत. यातून मूर्तिजापूर–यवतमाळच्या शकुंतलेला किंवा जुन्या बार्शी लाइट रेल्वेला शोभेल असं टाकीवालं (पाणी आणि कोळसा स्वतःवरच वाहणारं) मॉडेल इंजिन करायचं आहे. ते फ्रीलान्स हवं, म्हणजे कुठल्याही खऱ्या इंजिनाची नक्कल नको. प्रमाण कुठलं धरावं आणि सुरुवात कुठून करावी?

प्रमाण १:४८ धरा आणि सुरुवात चासीपासून करा. धुराडं आणि घुमट हातात घेऊन बसलं की मजा येते, पण तसं सुरू केलेली बहुतेक इंजिनं शोकेसमध्ये जाऊन बसतात, रुळावर येत नाहीत.

आधी प्रमाणाचा हिशेब. एचओचा रूळ १६.५ मि.मी. रुंद. शकुंतला आणि बार्शी लाइट या दोन्हींचं मूळ गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मि.मी. त्याला ४८ ने भागलं की १५.९ मि.मी. येतात. उरलेला ०.६ मि.मी.चा फरक डोळ्याला दिसत नाही. म्हणून चासी आणि रूळ एचओचे, आणि वरचं सगळं १:४८ चं, ही जोडी अडीच फुटी गाडीला चपखल बसते. माथेरानची गाडी डोक्यात असेल तर मात्र हा हिशेब चालणार नाही. तिचं गेज दोन फूट, ६१० मि.मी. आहे. १६.५ च्या रुळावर ते नेमकं बसवायला १:३७ धरावं लागेल. बरेच जण फुटाला ७ मि.मी., म्हणजे १:४३.५ धरून थोडा फरक पोटात घालतात.

आता तुमच्या चासीची मापं १:४८ मध्ये वाचून पाहा. चाक १५ मि.मी. व्यासाचं असेल तर खऱ्यात ७२० मि.मी., म्हणजे साधारण दोन फूट चार इंच. नॅरोगेजला हे अगदी योग्य आहे. पुढच्या आणि मागच्या आसात ४० मि.मी. अंतर असेल तर खऱ्यात १.९२ मीटर, तेही योग्य. क्रँकपिन (चाकावरची रॉड अडकवायची खुंटी) चाकाच्या मध्यापासून ४ मि.मी.वर असेल तर पिस्टनची धाव ८ मि.मी., खऱ्यात ३८४ मि.मी., म्हणजे पंधरा इंच. एचओ सिलिंडरचा बाहेरचा व्यास ८ मि.मी.च्या आसपास असतो, तो ३८४ मि.मी. होतो. छोट्या टाकी इंजिनाला हेही खपतं. थोडक्यात, फूटप्लेटच्या (चाकांवरच्या आडव्या पत्र्याच्या) खालचं बहुतेक सगळं तसंच ठेवता येतं. बदलायचं ते वरचं.

चासी विश्वासाची आहे का

जुनी ओतीव चासी असेल तर काहीही करण्याआधी भिंगाखाली धरा. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर वर्षानुवर्षांनी ती आतून फुगते. कडा वाकतात, केसासारख्या भेगा पडतात, आसांच्या खाचा आवळतात. यावर इलाज नाही. चिकटवून, कानस मारून काही महिने निघतील, पण वर बांधलेला सांगाडा वाकड्या पायावरच उभा राहील. अशा चासीतली मोटर, चाकं, रॉड काढून घ्या आणि चासी टाकून द्या.

दुसरी तपासणी आसावरच्या प्लास्टिक गिअरची. हे गिअर आसावर दाबून बसवलेले असतात आणि काळाने मध्यावर चिरतात. इंजिन चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टिक’ करतं आणि त्याच जागी किंचित अडखळतं. चिरलेला गिअर फेविक्विकने जुळत नाही, कारण चिकटलेल्या जागी दातांमधलं अंतर बदललेलं असतं. नवाच घ्यावा लागतो. दातांची संख्या आणि मोड्यूल (दातांच्या आकाराचं माप) मोजून मगच मागवा.

तिसरी मोटर. डबाबंद मोटर (बंद धातूच्या कवचातली) असेल तर १२ व्होल्टवर मोकळी फिरताना सहसा ०.१ अँपिअरच्या आसपास घेते. जुनी उघडी मोटर ०.३ ते ०.५ घेते आणि ते तिच्यासाठी चालण्यासारखं आहे. मोटर जोरात फिरते, लगेच तापते, पण ओढायला दम नाही, असं दिसलं तर चुंबक उतरलेला आहे. जुन्या अल्निको चुंबकाच्या मोटरमधून आर्मेचर (फिरणारा भाग) बाहेर काढताना चुंबकाच्या टोकांना लोखंडी तुकडा न लावल्यास हेच होतं. म्हणून तसली मोटर ‘साफ करायला’ उगाच उघडू नका.

मोटर बदलायची वेळ आली तर डीव्हीडी ड्राइव्हची मोटर फुकट मिळते म्हणून लावू नका. ती साधारण ५ व्होल्टची असते, १२ वर जळते. खेळण्यातली १३० आकाराची मोटर ३ ते ६ व्होल्टची आणि करंट खाणारी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एन-२० नावाची गिअरवाली १२ व्होल्ट मोटर मिळते, १२ बाय १० मि.मी. आडव्या मापाची. बॉयलर आणि त्यामागच्या फायरबॉक्समध्ये (आगीच्या पेटीत) ती मावते. तिचा दांडा मात्र लांबीच्या दिशेने बाहेर येतो, म्हणून आसाकडे वळवायला क्राउन किंवा बेव्हल गिअरची जोडी लागते. गिअरची घरघर थोडी ऐकू येते.

वेगाचा हिशेब कागदावर करून घ्या. १५ मि.मी. चाकाचा परीघ ४७ मि.मी. मोटर मिनिटाला १०,००० फेरे आणि वर्म गिअर (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा वर्म आणि आसावरचा गिअर) ४०:१ असेल तर चाक मिनिटाला २५० फेरे करतं, इंजिन मिनिटाला ११.८ मीटर जातं. त्याला ४८ ने गुणून तासाचा हिशेब केला की ३४ किलोमीटर. नॅरोगेजला हवा तेवढाच. गिअर २०:१ असेल तर तेच इंजिन ६८ च्या वेगाने पळेल, आणि त्याहून वाईट म्हणजे हळू चालणार नाही. शंटिंगची शान हळू चालण्यातच आहे.

चाकांची जुळणी

पळण्यातल्या तक्रारी बहुतेक इथून येतात. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ ते १४.५ मि.मी. ठेवा, तिन्ही आसांवर सारखं. एका बाजूचे क्रँकपिन दुसऱ्या बाजूच्या काटकोनात पुढे-मागे असतात. हा कोन बरोबर ९० अंशच हवा असं नाही. ८८ असला तरी चालतं, पण तिन्ही आसांवर तोच असला पाहिजे. एक आस ९० आणि एक ८७ असेल तर कपलिंग रॉड (चाकं एकमेकांना जोडणारा) प्रत्येक फेऱ्यात दोनदा आवळतो.

तपासायची रीत अशी. मोटर आणि वर्म काढा. आधी एका बाजूचेच रॉड लावून चासी काचेवर ढकला, मग दुसऱ्या बाजूचे लावा. अडलं तर मधल्या-मागच्या आसाची जोडी वेगळी, पुढच्या-मधल्याची वेगळी करून पाहा. ज्या जोडीत अडतं तिथेच दोष असतो. काचेचं एक टोक वहीच्या जाडीएवढं उचललं की चासी स्वतःच्या वजनाने घरंगळली पाहिजे. तोवर मोटरला हात लावू नका. मोटर जोडली की ती अडचण दाबून टाकते आणि दोष लपतो.

रॉडची भोकं मोठी करण्याचा मोह सगळ्यांना होतो. क्रँकपिनपेक्षा भोक ०.१ ते ०.२ मि.मी. मोठं पुरे. त्याहून ढिलं केलं की चाकं आपापल्या मर्जीने फिरतात आणि अडकणं वाढतं. रॉड दुसऱ्या इंजिनाचे असतील तर दोन भोकांमधलं अंतर आसांमधल्या अंतराशी व्हर्नियरने जुळवा. फरक ०.२ च्या वर असेल तर तो रॉड या इंजिनाचा नाही. मधल्या आसाला आडवा अर्धा ते एक मि.मी. खेळ द्या, नाहीतर ३८१ मि.मी. त्रिज्येच्या वळणावर पुढचं चाक रूळ चढेल.

वर्म आणि गिअर जोडताना दोघांच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी ठेवून मोटर आवळा, मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढा. उरलेली फट तेवढीच हवी. वर्मच्या दांड्याला मागे-पुढे ०.१ ते ०.२ मि.मी. खेळ ठीक आहे. जास्त असला की इंजिन सपाटीवर छान चालतं आणि उतारावर उड्या मारत जातं, कारण गाडीचा भार मागून ढकलतो आणि वर्म पुढे-मागे सरकतो. वर्मच्या टोकाला पातळ वॉशर घातला की हे थांबतं.

वीज घेण्यासाठी ०.३ ते ०.४ मि.मी. फॉस्फर ब्राँझची तार, निदान २० मि.मी. लांब, चाकाच्या पाठीला नुसती टेकेल अशी. आखूड तार घट्ट दाबते आणि ब्रेकचं काम करते. तांब्याची साधी तार वापरू नका, तिला स्प्रिंग नसते. सहाही चाकांवरून वीज घ्या. जुन्या इंजिनाच्या एखाद्या चाकावर रबराचं कडं असेल तर ते चाक वीज देत नाही, हे लक्षात ठेवा. पुढेमागे डीसीसी (डिजिटल नियंत्रण) डिकोडर बसवायचा असेल तर आत्ताच मोटरचे दोन्ही ब्रश चासीपासून तोडून घ्या आणि मल्टिमीटरने खात्री करा. एक ब्रश जरी चासीला टेकलेला राहिला तरी डिकोडर पहिल्याच क्षणी जातो.

इतकं झाल्यावर चासी नुसतीच दोन्ही दिशांनी अर्धा-अर्धा तास चालवा. तेल आसाला आणि क्रँकपिनला सुईच्या टोकाएवढं, शिलाई मशीनचं चालेल. मोटरच्या कम्युटेटरवर (ब्रश टेकतात त्या भागावर) थेंबही जाऊ देऊ नका.

वरचं इंजिन: फ्रीलान्स म्हणजे मनाला येईल ते नव्हे

खऱ्या इंजिनात प्रत्येक गोष्ट एखाद्या कामासाठी असते. वापरलेली वाफ सिलिंडरमधून वर स्मोकबॉक्समध्ये (बॉयलरच्या पुढच्या धुराच्या पेटीत) जाते आणि धुराड्यातून बाहेर फेकली जाते, त्या झोताने आगीला ओढ मिळते. म्हणून सिलिंडर, स्मोकबॉक्स आणि धुराडं एका उभ्या रेषेत येतात. धुराडं दोन सें.मी. मागे सरकलं की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे त्याला कळतं. वाफेचा घुमट बॉयलरच्या मध्याच्या आसपास, सेफ्टी व्हॉल्व्ह फायरबॉक्सवर किंवा घुमटावर, वाळूचे नळ चाकांच्या पुढे रुळापर्यंत, इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा) केबिनच्या पायरीजवळ टाकीच्या पातळीखाली. पाणी टाकीतून इंजेक्टरला, तिथून बॉयलरच्या बाजूच्या क्लॅक व्हॉल्व्हला (पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेला): हा नळ कुठून कुठे जातो ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. फायरबॉक्सखाली राखेचा पेटारा हवा, आणि तो मागच्या आसाला आरपार छेदत जाता कामा नये.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. ती १८९७ मध्ये सुरू झाली आणि आसाला पाच टनांहून जास्त भार नको, या हिशेबावर बेतलेली होती. हलके रूळ, म्हणून जास्त चाकांवर विभागलेलं वजन, म्हणूनच तिथल्या पहिल्या इंजिनांना आठ चालक चाकं. तुमच्या काल्पनिक इंजिनालाही असाच एक साधा प्रश्न विचारा: हे कुठल्या रुळांवर, काय ओढत होतं? कापसाच्या गासड्या आणि सपाट वऱ्हाड, असं ठरलं तर सहा चाकांचं, बाजूला टाक्या असलेलं, मागे छोटी कोळशाची पेटी असलेलं इंजिन आपोआप पटतं.

मापं मी अशी धरेन: बफर बीम (टोकाची आडवी पट्टी) ते बफर बीम १२० मि.मी., फूटप्लेट रुळापासून २४, बॉयलरचा मध्य ३७, धुराड्याचं टोक आणि केबिनचं छत ६२ ते ६४, केबिनची रुंदी ४४. खऱ्यात हे पावणेसहा मीटर लांब, तीन मीटर उंच आणि २.१ मीटर रुंद होतं. १:४८ चा माणूस ३५ मि.मी.चा. पुठ्ठ्याचा एक माणूस कापून केबिनच्या दारात उभा करा. त्याचं डोकं छताला लागत असेल तर माप चुकलं.

बॉयलरला विजेच्या वायरिंगचा २५ मि.मी.चा पीव्हीसी पाइप घ्या. १:४८ मध्ये १२०० मि.मी., आवरणासकट बॉयलरचा योग्य व्यास. अजून छोटं इंजिन हवं असेल तर २० मि.मी.चा. पाइपचा खालचा भाग मोटर आणि गिअरला जागा करण्यासाठी कापावा लागेल. कापण्याआधी पाइपवर लांबीच्या दिशेने चार रेषा आखून घ्या, दाराच्या चौकटीच्या कोनात पाइप ठेवून पेन्सिल ओढली की रेषा सरळ येते. ती रेषा नसेल तर धुराडं आणि घुमट कधीच एका ओळीत बसत नाहीत, आणि समोरून पाहिलं की ते लगेच खुपतं.

टाक्या आणि केबिन एक मि.मी. पॉलिस्टायरीन शीटच्या. सनबोर्ड स्वस्त पडतो, पण त्याच्या कडा स्पंजासारख्या दिसतात आणि रंग शोषतात. टाकी ५२ लांब, ९.५ रुंद, २० उंच केली तर खऱ्यात १,०९० लिटर, दोन मिळून जवळपास २,२०० लिटर पाणी. असल्या इंजिनाला शोभतं. बॉयलर २५ आणि दोन टाक्या १९ मिळून ४४, म्हणजे केबिनच्या रुंदीशी जुळलं.

टाकीचा डबा बंद करण्याआधी तळाला तीन मि.मी.चं भोक पाडा. पॉलिस्टायरीन चिकटवणाऱ्या पातळ द्रावणाची वाफ आत कोंडली की काही आठवड्यांनी बाजू आत ओढल्या जातात. दोन शीट एकावर एक चिकटवतानाही आतल्या शीटला भोकं पाडा, नाहीतर मधोमध फुगा येतो. हे द्रावण पीव्हीसी पाइपला नीट धरत नाही. पाइप आणि शीटचा जोड अरल्डाइटने करा, दोन्ही बाजू आधी पॉलिश पेपरने खरवडून.

छत गोल वळवायला अर्धा मि.मी.ची शीट बाटलीला गुंडाळून टेपने बांधा, कडकडीत पण न उकळणाऱ्या पाण्यात मिनिटभर बुडवा, बाटलीवरच थंड होऊ द्या. अशा दोन शीट एकमेकांवर चिकटवल्या की आकार टिकतो.

सुट्या भागांत काय चालतं, काय चालत नाही

एचओचे सिलिंडर, क्रॉसहेड (पिस्टनचा दांडा आणि रॉड जोडणारा सरकता तुकडा), बफर बीमवरचे हूक १:४८ मध्ये खपतात. दिवे चालतील, पण छोटे वाटतील. चुगली करतात ते माणसाच्या हातापायाशी संबंधित भाग: केबिन, दरवाजे, पायऱ्या, हँडरेल. एचओची केबिन १:४८ मध्ये लहान मुलाच्या खेळघरासारखी दिसते, ती कधीच वापरू नका. हँडरेलला ०.६ ते ०.७ मि.मी. पितळी तार, खुंट्यांना ०.८ मि.मी.चे स्प्लिट पिन. पायऱ्यांमध्ये ७ ते ८ मि.मी. अंतर.

एचओच्या इंजिनाचा वाफेचा घुमट तुमच्या बॉयलरवर बुटका दिसेल, पण वाळूचा घुमट म्हणून शोभेल. मोठा घुमट करायला पेनच्या जाड टोपणाचं गोल टोक किंवा लाकडी मणी चांगला. खरी अडचण बैठकीची. घुमट पाइपवर नुसता ठेवला की खाली फट राहते. उरलेल्या २५ मि.मी. पाइपच्या तुकड्यावर पॉलिश पेपर गुंडाळा, खरखरीत बाजू वर, आणि घुमटाचा तळ त्यावर लांबीच्या दिशेने घासा. पंधरा-वीस घासण्यांत तळाला बॉयलरचाच गोलावा येतो. मग बॉयलरवर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून बसवा, घुमटाखाली एम-सीलची वात लावून त्या पिशवीवर दाबा. बाहेर आलेलं एम-सील ओल्या बोटाने चारी बाजूंनी निमुळतं करा, पाइपला मिळत गेलेलं दिसलं पाहिजे. रात्रभर ठेवा. सकाळी पिशवीसकट उचला, पिशवी सोला, धारेवर बाराशे नंबरचा पेपर फिरवा. हा पसरलेला घेर नसला की घुमट ठेवल्यासारखा दिसतो, असला की बसवल्यासारखा. धुराड्याच्या तळालाही हीच रीत.

क्रॉसहेडची धाव क्रँकच्या दुप्पट, इथे ८ मि.मी. स्लाइड बारची (क्रॉसहेड ज्यावर सरकतो त्या पट्टीची) लांबी या ८ मध्ये क्रॉसहेडची स्वतःची लांबी मिळवून येईल एवढी तरी हवी. दुसऱ्या इंजिनाचे सिलिंडर लावले की हमखास होणारी गोष्ट म्हणजे क्रॉसहेड मागे येताना पुढच्या क्रँकपिनच्या नटला घासतो. नट पातळ करा किंवा रॉडमध्ये बसकट खाच करून पिनचं डोकं आत घ्या. अर्धा मि.मी. मोकळीक हवी, आणि ती चाकं आडवी पूर्ण बाहेर ढकलून तपासायची. व्हॉल्व्ह गिअर (वाफेच्या झडपा हलवणारे दांडे) आतल्या बाजूला आहे असं धरलं तर बाहेर काहीच दाखवावं लागत नाही, आणि सुट्या भागांच्या इंजिनाला तो सरळ मार्ग आहे. डब्यात वॉल्शर्ट्स गिअरचा (बाहेरून दिसणारा व्हॉल्व्ह गिअरचा प्रकार) पूर्ण संच असेलच तर लावा, पण दोन्ही बाजूंचे रिटर्न क्रँक (क्रँकपिनवर बसणारे छोटे दांडे) एकाच दिशेला कललेले हवेत. एक पुढे, एक मागे असं झालेलं जाणकाराला दुरून दिसतं.

रिव्हेट हवे असतील तर पाव मि.मी.च्या शीटखाली रबर ठेवा, वर आलेख कागद चिकटवा आणि बोथट सुईने मागून १.२ ते १.५ मि.मी.वर टोचत जा. टाकीच्या कडांना आणि स्मोकबॉक्सला पुरे. सगळीकडे टोचले की इंजिनाला देवी आल्यासारख्या दिसतात.

वजन आणि वळण

इंजिनाची ओढ चाकांवरच्या वजनाच्या साधारण पंचमांश धरा. २८० ग्रॅम इंजिन ५६ ग्रॅम ओढतं. डबा ६० ग्रॅमचा, त्याचा रुळावरचा विरोध अडीच टक्के आणि चढ चार टक्के धरला तर प्रत्येक डब्याला ४ ग्रॅम लागतात. इंजिनाला स्वतःला चढवायला ११ जातात. उरलेल्यात अकरा डबे निघतात, वळण मध्ये आलं तर आठ समजा.

वजनाला शिसं. बॉयलरच्या आतल्या २१ मि.मी. पोकळीत ५० मि.मी. लांबीचं भरीव शिसं १९६ ग्रॅम भरतं. माशाच्या गळाचे छर्रे भरले तर मधल्या फटींमुळे १२० च्या आसपासच येतं. छर्रे फेविकॉलसारख्या पांढऱ्या डिंकाने कधीच चिकटवू नका. शिसं त्याच्याशी हळूहळू रासायनिक क्रिया करतं, फुगतं, आणि वर्ष-दोन वर्षांत टाकीची शिवण उकलते. अरल्डाइट वापरा. हातमोजे घाला, आणि कानस मारलेली शिशाची धूळ जेवणाच्या टेबलावर नको.

वजनाचा मध्य मधल्या आसावर यायला हवा. इंजिन मधल्या आसाखाली पेन्सिल ठेवून तोला. टाकी इंजिनं बहुधा मागे झुकतात, कारण मोटर आणि केबिन मागे असतात. स्मोकबॉक्समध्ये भर घाला. शेवटी पूर्ण व्होल्टेज देऊन इंजिन हाताने अडवून धरा: चाकं घसरून फिरली पाहिजेत. चाकं रुतून मोटर थांबत असेल तर वजन जास्त झालंय, आणि एखाद्या दिवशी अडकलेल्या गाडीमागे मोटर जळेल.

वळणावर बफर बीम किती बाहेर जातो हे आधीच काढा. इंजिनाच्या मध्यापासून बीमचं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा. आसांच्या पूर्ण अंतराच्या निम्म्याचा वर्ग त्यातून वजा करा, आणि त्रिज्येच्या दुपटीने भागा. बीम ६०, आसांचं अंतर ४०, त्रिज्या ३८१: ३६०० उणे ४००, भागिले ७६२, म्हणजे ४.२ मि.मी. बीम ७० वर नेला तर हेच ५.९ होतं. तेवढं सरकेल असा कपलर हवा. नाहीतर पहिल्याच वळणावर पहिला डबा रुळाबाहेर ओढला जाईल आणि दोष रुळावर येईल. घुमटी केबिन आणि लांब कोळशाची पेटी आखण्याआधी हा आकडा बघा.

खऱ्या वाफेबद्दल

असंच सुट्या भागांतून खऱ्या वाफेचं इंजिन करता येईल का, असं पुढचं विचारणं सहसा येतं. सिलिंडर, चाकं, चासी करता येतील. बॉयलर मात्र भंगारातून कधीच नाही. तो योग्य जाडीच्या तांब्याचा, चांदीच्या सोल्डरने जोडलेला, आणि कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने पाणी भरून तपासलेला लागतो. जुन्या स्टोव्हच्या टाकीला व्हॉल्व्ह लावून पाहणं हा प्रयोग नव्हे.

रंग

पितळ असेल तर फ्लक्स नीट धुवा, नाहीतर महिन्याभरात रंगाखालून हिरवं फुटतं. सगळं इंजिन साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा, पितळाला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारं अस्तर, प्लास्टिकला साधा राखाडी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात स्प्रे मारला की काळ्यावर पांढरट धुकं येतं. ते दमट हवेमुळे येतं, रंग खराब असतो म्हणून नव्हे. कोरड्या दिवसाची वाट पाहा, किंवा ब्रशने पातळ ॲक्रिलिकचे दोन-तीन हात द्या. शुद्ध काळा रंग १:४८ वर कोळशाच्या ढिगासारखा सपाट दिसतो आणि केलेले रिव्हेट गिळतो. त्यात थोडा करडा मिसळा. स्मोकबॉक्स मात्र जास्त करडा आणि पूर्ण मॅट, कारण तो तापून रंग जळतो. खिडक्यांच्या काचा रंग झाल्यावर बसवा, आणि फेविक्विकने नाही: त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. इथे पांढरा डिंकच बरा.

रंग वाळला की रॉड, चाकांचे काठ आणि वीज घेणाऱ्या तारा पुन्हा साफ करा, कारण नव्याने सुरू न होणाऱ्या इंजिनांत बहुतेक वेळा रंगाचाच थर आडवा येतो. मग कपलरची उंची बघा. एचओचे नकल कपलर (बोटांसारखे एकमेकांत अडकणारे) वापरत असाल तर मध्य रुळापासून ९.९ मि.मी., इंजिनाला आणि सगळ्या डब्यांना तोच. वजन भरल्यानंतर मोजा, आधी नव्हे, कारण स्प्रिंगवाली चासी भाराने अर्धा मि.मी. खाली बसते आणि तेवढ्यात चढावर कपलर सुटायला लागतात.